नाव एकच, माणसं वेगळी: कोणाचं आयुष्य कोणाच्या खात्यावर?

वर्गावरून (दारव्हा तालुका, यवतमाळ)

राम राम मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. हा धागा काढायचं कारण ३ जानेवारीला घडलं. बालिका दिनाच्या कार्यक्रमात सातवीतली एक मुलगी पंडिता रमाबाईंवर बोलली. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. रमाबाई संस्कृतच्या मोठ्या पंडित होत्या, त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना शिकवलं, आणि बाबासाहेब परदेशात शिकत असताना त्यांनी हालअपेष्टा सोसून संसार केला, असं ती बोलत गेली. टाळ्या पडल्या. मागच्या भिंतीवर लावलेला फोटोही मोबाइलवरून काढलेला, तो पंडिता रमाबाईंचा नव्हताच.

मुलीचा काही दोष नाही. तिनं 'रमाबाई' शोधलं, जे आलं ते उतरवलं. भाषण आधी वाचून घेणं माझं काम होतं. पण रात्री झोप लागली नाही. तीन बायकांची तीन आयुष्यं एका भाषणात विरघळली आणि एकीलाही तिचं स्वतःचं पूर्ण मिळालं नाही.

म्हणून आधी त्या तिघी नीट मांडतो. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) डोंगरे घराण्यातल्या, लग्नानंतर मेधावी. १८८२ साली पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढे केडगावचं मुक्ती मिशन. रमाबाई रानडे न्यायमूर्तींच्या पत्नी, पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ. त्यांच्या आठवणींचं पुस्तक आजही वाचनीय आहे. आणि रमाबाई आंबेडकर, आपल्या सगळ्यांची रमाई, २७ मे १९३५ ला गेल्या. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा ग्रंथ 'रामू'ला अर्पण केला, ती हीच रामू. यातल्या पहिल्या दोघी तर एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या. आर्य महिला समाजाच्या सभेत दोघी एकाच खोलीत बसायच्या. त्या खोलीत कोणाचा घोटाळा होत नव्हता, आपला होतो.

शेगाव जवळ असल्यानं आमच्या भागात गजानन घरोघरी. माझ्या हजेरीपटावर एका वर्षी चार होते. आम्ही बापाच्या नावानं, वावराच्या नावानं, घरासमोरच्या झाडाच्या नावानं त्यांना वेगळं ओळखतो. चिंचेखालचा गजानन म्हटलं की काम होतं. मोठ्या माणसांसाठी मात्र आपण एवढीही तसदी घेत नाही.

तर विनंती अशी: वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या, एकाच नावाच्या माणसांची माहिती इथं द्या. सोबत एक खूण द्या, जिच्यावरून मुलांना ती वेगळी ओळखता येतील. शाळेच्या भिंतीवर लावायची आहे.

पऱ्हाटी

मास्तर, चांगला धागा काढला. आमच्या इकडं आता 'पंजाबराव' म्हटलं का पोट्टे आभायाकडं पाह्यतेत. पेरणीच्या दिवसात पारावर एकच इचारणं, पंजाबराव काय म्हणते बावा, पानी येते का नाई? ते परभणी जिल्ह्यातले पंजाबराव डख, हवामानाचा अंदाज सांगणारे. त्यायचा काही दोष नाही, शेतकऱ्याले त्यायचा आधार वाटते.

पण माह्या आज्याच्या तोंडी पंजाबराव म्हणजे भाऊसाहेब देशमुख. २७ डिसेंबर १८९८ ले पापळले जन्मले. इंग्लंडातून बॅरिस्टर होऊन आले अन् अमरावतीच्या अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यायले खुलं व्हावं म्हणून उभे राह्यले. १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था काढली, म्हणून आमच्यासारख्या कास्तकाराचे पोरं कॉलेजात गेले. नंतर दिल्लीत कृषिमंत्री. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाले त्यायचं नाव आहे, पण आम्ही त्याले 'पीकेव्ही' म्हणतो. बियाण्याच्या थैलीवर पीकेव्ही वाचतो अन् त्या अक्षरातला 'पी' कोण, हे पोट्ट्यायले ठाऊक नाई.

खूण द्या: एक आभायाचे पंजाबराव, एक शायेचे पंजाबराव.

मूर्तिजापूर जंक्शन

वसंतराव घ्या. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक, १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस कृषी दिन म्हणून पाळतात. आणि आमच्या मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे, जन्म २ मे १९२०, गाणारे. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात वर्षानुवर्षं नोकरी केली आणि 'कट्यार काळजात घुसली'त खाँसाहेब असे उभे केले की त्या भूमिकेवर अजून त्यांचीच सावली आहे. यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज पहिल्या वसंतरावांच्या नावाचं, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं सभागृह दुसऱ्या वसंतरावांचं.

आमच्या गावाबद्दल आणखी एक सांगू द्या. कवी अनिलही मूर्तिजापूरचेच, आत्माराम रावजी देशपांडे, जन्म १९०१. मुक्तछंद मराठीत रुजवणारे, दशपदी लिहिणारे. १९५८ मध्ये मालवणच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष, आणि १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष त्यांच्या पत्नी कुसुमावती. शकुंतला रेल्वेच्या स्टेशनाजवळ वाढलेल्या आम्हाला शाळेत यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं. चाळिशीत नागपूरला त्या सभागृहाच्या पायऱ्यांवर कळलं की हे आपल्या गावचे.

जुना वाचक

मूर्तिजापूरकर, मन भरून आलं वाचून. पण मास्तरांच्या कामासाठी एक नियम ठेवावा असं वाटतं. नुसतं पहिलं नाव सारखं असेल तर वसंत, गजानन, विनायक यांची यादी संपणारच नाही. नाव आणि आडनाव दोन्ही सारखी हवीत. खरा घोळ तिथेच होतो.

उदाहरण आपल्याच नागपुरातलं. पुरुषोत्तम देशपांडे म्हटलं की कोणीही पु. ल. म्हणेल. पण पुरुषोत्तम यशवंत देशपांडे, पु. य., हे वकील, कादंबरीकार, राजकारणात वावरलेले आणि शेवटी तत्त्वचिंतनाकडे वळलेले. 'बंधनाच्या पलीकडे' ही त्यांची १९२७ ची कादंबरी. 'अनामिकाची चिंतनिका'ला १९६२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पु. लं.ना तो १९६५ मध्ये मिळाला. माझ्या तालुक्याच्या वाचनालयात पु. यं.चं पुस्तक पु. लं.च्या कप्प्यात होतं. विनोदी म्हणून नेलेलं पुस्तक दोन पानं वाचून लोक परत आणत. 'ल' आणि 'य' एवढाच फरक, पण त्यापायी एक लेखक वाचकापर्यंत पोचत नव्हता. मी ते काढून वेगळं लावून घेतलं.

परदेशातलं एक देतो, कारण त्यात उपाय आहे. १८९९ मध्ये विन्स्टन चर्चिल नावाचे दोन लेखक होते. एक अमेरिकन कादंबरीकार, तेव्हा जास्त प्रसिद्ध तोच. दुसरा तरुण इंग्रज, पुढे पंतप्रधान झाला तो. इंग्रजानं अमेरिकनाला पत्र लिहिलं की वाचकांचा गोंधळ नको, मी यापुढे 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करीन. आज त्या अमेरिकन चर्चिलची आठवण कोणाला आहे?

धामकाठ

जुना वाचक यांच्या नियमात बसणारं आणि आमच्या वर्धेच्या अंगणातलं: विनायक भावे.

एक विनायक नरहरी भावे, म्हणजे विनोबा. जन्म ११ सप्टेंबर १८९५, गागोदे. आमच्या पवनारला धाम नदीच्या काठी राहिले आणि तिथंच १५ नोव्हेंबर १९८२ ला देह ठेवला. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं.

दुसरे विनायक लक्ष्मण भावे (१८७१-१९२६), ठाण्याचे. १८९३ मध्ये तिथं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणाऱ्यांत ते होते. जुन्या कवींच्या पोथ्या गोळा करण्यात आयुष्य घातलं आणि 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलं. रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यात, तिथल्या महानुभावांचं वाङ्मय मराठी वाचकापुढे आणणाऱ्यांतही ते आहेत. म्हणजे विदर्भाचं देणं दोन्ही विनायक भाव्यांना लागतं. एकानं जमीन मागितली, एकानं पोथ्या. ही खूण मुलांना पुरेल.

प्राणहिता (सिरोंचा)

आमच्याकडे अर्धं गाव तेलुगू बोलतं, म्हणून हे मला माहीत. बाळ गंगाधर टिळक नावाचे तेलुगू कवी होऊन गेले. पूर्ण नाव देवरकोंडा बालगंगाधर टिळक. यात 'टिळक' आडनाव नाही, देवरकोंडा हे घराण्याचं नाव. आई-बापांनी लोकमान्यांचं अख्खं नाव, आडनावासकट, मुलाला दिलं. लोकमान्य गेले १ ऑगस्ट १९२० ला आणि हा मुलगा जन्मला १ ऑगस्ट १९२१ ला, बरोबर वर्षानं, पश्चिम गोदावरीतल्या मंडपाक गावी. १९६६ मध्ये गेले. 'अमृत बरसलेली रात्र' असा अर्थ होईल त्या नावाचा कवितासंग्रह नंतर निघाला आणि मरणोत्तर साहित्य अकादमी मिळाला.

आमच्या गावाखाली प्राणहिता गोदावरीला मिळते. तेच पाणी पुढे त्यांच्या जिल्ह्यात जातं. मला हे फार जवळचं वाटतं.

जाता जाता: संदीप पाटील. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातले फलंदाज एक. दुसरे आयपीएस अधिकारी, आमच्या गडचिरोली परिक्षेत्राचे उपमहानिरीक्षक होते.

पऱ्हाटी

खेळाचं निघालं तर अशोक कुमार राह्यले. एक सिनेमातले दादामुनी, मूळ नाव कुमुदलाल गांगुली. दुसरे ध्यानचंदांचे चिरंजीव, १९७५ च्या हॉकी विश्वचषकात पाकिस्तानाविरुद्ध विजयाचा गोल त्यायचाच. बापाचं नाव एवढं मोठं अन् सिनेमातल्या नावाची सावली वरून. दोन्हीकडून झाकल्या गेले.

टाळकरी

मी भजनी मंडळात आहे, चाळीस वर्षं. मास्तरांचा प्रश्न आमच्याकडे सातशे वर्षांचा जुना आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'नामा म्हणे' आलं की आपण संत नामदेव धरतो, १२७० ते १३५०, पंढरपूरचे, पंजाबात घुमानपर्यंत गेलेले, ज्यांची पदं गुरु ग्रंथसाहेबात आहेत. पण एकनाथांच्या काळात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी झाले. त्यांनी महाभारत ओव्यांत लिहिलं. आणि घोटाळ्याचं मूळ असं की संत नामदेवही स्वतःला 'विष्णुदास नामा' म्हणवत. दोघांची मुद्रा, म्हणजे पदाच्या शेवटी येणारी नावाची खूण, एकच. वह्या उतरवणाऱ्यांनी दोघांचं एकत्र शिवून टाकलं आणि अभ्यासकांना पुढे भाषेवरून, शब्दांवरून एकेक पद वेगळं काढावं लागलं. आजही आम्ही गातो त्यातलं एखादं पद नेमकं कोणत्या नामयाचं, हे छातीठोक सांगता येत नाही.

ज्ञानेश्वरांच्या बाबतीत उलट झालं. १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावानं 'सुधारक'मध्ये लेख लिहिले आणि मांडलं की ज्ञानेश्वरी लिहिणारे आपेगावचे ज्ञानदेव वेगळे, अभंग लिहिणारे आळंदीचे वेगळे. मोठा वाद झाला. अभ्यासकांनी बहुतांशी ते मानलं नाही, मीही मानत नाही. पण वाद वाचताना मला कळलं की मुद्रेवर किती भार असतो.

आता एकनाथ पाहा. ते नुसतं 'एका म्हणे' म्हणत नाहीत, 'एका जनार्दनी' म्हणतात. स्वतःच्या नावाला गुरूचं नाव जोडून ठेवलं. जनाबाई 'नामयाची दासी जनी'. आपल्या राष्ट्रसंतांच्या भजनात 'तुकड्यादास' येतं. आपण मधे बापाचं नाव लिहितो तसंच हे. कोणाचा, ते सांगून ठेवायचं. त्यामुळे 'एका जनार्दनी' ऐकून कधी कोणी दुसरा एकनाथ समजला नाही.

तुकडोजी महाराजांचं निघालंच तर, त्यांचं मूळ नाव माणिक, माणिक बंडोजी इंगळे, जन्म १९०९, यावली. आडकोजी महाराजांनी तुकड्या केलं. कवी ग्रेसही माणिकच, माणिक सीताराम गोडघाटे, नागपूरचे, १९३७ ते २०१२. आणि तिसऱ्या माणिक वर्मा, गायिका. जुना वाचक यांच्या नियमात हे बसत नाही, तरी असू द्या. एका माणिकनं खंजिरी घेतली, एकानं शब्द घेतले, एकीनं सूर.

पांदण

माणिक वर्मांचं नाव आलं म्हणून लिहिते. त्या जन्मानं दादरकर. तुम्ही सगळे 'नाव आणि आडनाव सारखं' असा नियम करताय, बापाचं नाव मधे लिहा म्हणताय. बाईच्या बाबतीत तो धागा लग्नातच तुटतो. मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि पूर्वी तर पहिलंही बदलायचं.

मास्तर, तुमच्या तीन रमाबायांकडे परत चला. रमाबाई रानडे जन्मानं रमाबाई नव्हत्याच. त्या यमुना कुर्लेकर. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा रमा झाल्या. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीचा घोटाळा झाला तो एका लग्नातल्या नाव बदलण्यामुळे. यमुनेचं यमुनाच राहिलं असतं तर दोनच रमाबाई उरल्या असत्या.

तसंच सावित्री. सावित्रीबाई फुले सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्या सावित्री खानोलकर, ज्यांनी परमवीर चक्राचं पदक घडवलं, त्याचा आराखडा त्यांचा. जन्म १९१३, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा, नाव ईव्ह. विक्रम खानोलकरांशी लग्न करून सावित्री झाल्या, आणि इथल्या पुराणांचा एवढा अभ्यास केला की पदकावर दधीचींच्या त्यागाची आठवण कोरली. नाव त्यांनी बदललं, ते मनापासून पेललं. म्हणून बदलणं वाईटच असं मी म्हणत नाही. पण आधीचं नाव लिहून ठेवा एवढं म्हणते.

आणि नाव दिल्यानं माणूस उभा राहतो, हेही आपल्याच भागात पाहायचं. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर. टाकून दिलेल्या, अपंग, मतिमंद अशा १२३ मुलांना त्यांनी स्वतःचं नाव लावलं. २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथं बापाच्या रकान्यात सगळ्यांचं एकच नाव, आणि त्यानं कोणाची ओळख पुसली नाही, उलट मिळाली. 'पापळकर' या आडनावातही पापळ आहेच, पऱ्हाटी भाऊंच्या भाऊसाहेबांचं गाव.

सातबारा

पांदणताई, बरोबर बोलल्या. आमच्या गावात माझ्या नावाचा आणखी एक जण आहे. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तर भावकीचं. एका वर्षी पीकविम्याचे पैसे त्याच्या खात्यात गेले. त्यानं प्रामाणिकपणे आणून दिले, पण तोवर माझा हंगाम गेला होता, सावकाराकडून बियाणं घेतलं होतं. तालुक्याला सहा फेऱ्या झाल्या. शेवटी आमच्या दोघांत फरक काय, तर आईचं नाव. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदावर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला आहे. माझ्या नातीचा दाखला तसा आला. मी तो तीनदा वाचला.

जुना वाचक

पांदण यांचं वाचून माझा नियम मागे घेतो. त्या नियमात एकही बाई बसत नव्हती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

वर्गावरून

मंडळी, उत्तर द्यायला आठवडा लागला. भिंत तयार झाली. पंजाबराव, वसंतराव, पुरुषोत्तम देशपांडे, विनायक भावे, नामा. प्रत्येकाखाली तुमच्या खुणा. टाळकरी काकांचं 'एका जनार्दनी' मी परिपाठात सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलं वहीवर स्वतःच्या नावापुढे आईचं नाव लिहून आली.

त्या मुलीनं भाषण पुन्हा केलं, शुक्रवारी, फक्त वर्गापुढे. फळ्यावर तिनं तीन रकाने आखले: रमाबाई डोंगरे, यमुना कुर्लेकर, आणि तिसऱ्यात रमाईचं माहेरचं नाव, धुत्रे. या वेळी फोटो लावला नाही. आधी नावं लिहिली, मग बोलली. नंतर सगळ्या वर्गाला घरचा अभ्यास दिला, आजीचं लग्नाआधीचं नाव विचारून या. सोमवारी निम्म्या मुलांनी आणलं. बाकीच्यांच्या आज्या नाहीत, किंवा सांगायला तयार नव्हत्या. त्यांच्यासाठी जागा रिकामी ठेवली आहे.

प्राणहिता भाऊ, एक काम होतं. त्या दुसऱ्या टिळकांची एखादी कविता देवनागरीत उतरवून, खाली अर्थ लिहून पाठवता का? पोरांना तेलुगू कसं ऐकू येतं ते पाहायचं आहे.

प्राणहिता

पाठवतो. छोटीशी निवडतो. माझी आई म्हणते मी वाचून रेकॉर्ड करते, उच्चार तिचे चांगले. आज लाइन नाही, उद्या.